बाबांच्या स्कूटरवरून लालबाग ते धोपावे: तयारीच्या आणि वाटेतल्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीजेला गुहागरहून आत्या आली होती. ओवाळून झाल्यावर ती आणि बाबा बोटीच्या गोष्टी काढून बसले. बाबा १९६२ साली, चौदाव्या वर्षी, दाभोळहून बोटीने मुंबईला आले. होडीने खाडी ओलांडून दाभोळला यायचं, बोट लांब पाण्यात उभी असायची, तिच्यापर्यंत पडावातून जायचं आणि रात्रभर डेकवर ट्रंकेला टेकून बसायचं. सकाळी भाऊचा धक्का. आत्या म्हणाली, "मी धक्क्यावर रडत उभी. तुझ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव लिहिलं होतं, शेवटी तेवढंच दिसत होतं."

रात्री झोप लागेना. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं आणि किनारा न सोडता, खाड्या ओलांडत दाभोळ, तिथून पुढे जयगड गाठायचं, असं ठरवलं. वाहन बाबांचीच १९९६ची टू-स्ट्रोक स्कूटर. ती २०१८ पासून चाळीच्या मागे ताडपत्रीखाली उभी आहे. बायको म्हणाली, "मी येणार, आणि हिशेबाची वही माझ्याकडे." या नोंदी त्या वहीतून उतरवल्या आहेत. जुनी गाडी घेऊन याच वाटेने जाऊ पाहणाऱ्याचे दोन दिवस वाचले तर बरं.

१० नोव्हेंबर

ताडपत्री काढली. दोन्ही टायर फुटीला आलेले, टाकीत गंज, पेट्रोलची नळी बोटाला चिकटत होती. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. ते ओलावाही धरतं, त्यामुळे टाकी गंजते. टाकीत मूठभर नट आणि अर्धा लिटर डिझेल घालून अर्धा तास हलवली. निघालेलं पाणी चहासारखं होतं. तीनदा केल्यावर स्वच्छ निघालं.

कार्ब्युरेटर मीच उघडला. सहा वर्षं राहिलेलं पेट्रोल सुकून आत डिंकासारखा थर बसला होता. लहान जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) बंद होता, तो मी तांब्याच्या तारेने मोकळा केला. हे करू नका. भोक जरासं जरी मोठं झालं तरी पेट्रोल जास्त जातं. शिवडीच्या मेस्त्रींनी जेट उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "हा गेला. कार्ब क्लीनर मारायचा आणि हवा. तार कधी घालू नये." नवा जेट, गॅस्केट आणि नळी कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळाली. ६५० रुपये आणि एक आख्खा रविवार.

फ्लोटची निडल, म्हणजे कार्ब्युरेटर भरला की पेट्रोल अडवणारी सुई, मेस्त्रींनी पाहिली आणि "चालेल" म्हणाले. मीही "चालेल" म्हटलं. त्याचं पुढे येईलच.

८ डिसेंबर

नोंदणीची मुदत संपलेली होती. तपासणी, ग्रीन टॅक्स, विमा, पीयूसी यांत तीन आठवडे गेले. हे काम सगळ्यात आधी काढा, मी सगळ्यात शेवटी काढलं. दोन टायर आणि ट्यूब ३,२०० रुपये, क्लच, गिअर आणि ब्रेकच्या केबली ९००, मेस्त्रींची मजुरी ३,५००.

१५ डिसेंबर

पहाटे चाचणी. लालबागहून घोडबंदर रोडने गायमुखचा घाट. दोघं आणि दहा किलोचं सामान. चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. मेस्त्रींनी क्लच प्लेट बदलल्या. १,१०० रुपये आणि आणखी एक आठवडा.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

सामान कमी केलं. हत्यारांत प्लगचा पाना, दोन प्लग, पकड, व्हाइसग्रिप (अडकवली की सुटत नाही अशी पक्कड), केबलींचा एक जोड, पॉलिश पेपर, फडकी. टू-स्ट्रोक ऑइलची लिटरची बाटली घेतली, कारण पंपावर ते मिळेलच असं आता राहिलेलं नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये वीस मिलिलिटर मिसळायचं.

बाबांना म्हटलं, चला की. ते म्हणाले, "गुडघे ऐकत नाहीत रे. रोज रात्री फोन कर म्हणजे झालं."

११ जानेवारी, शनिवार. भाऊचा धक्का – मांडवा – चौल

अटल सेतूवर आणि कोस्टल रोडवर दुचाकीला परवानगी नाही, आणि आम्हाला तसंही समुद्रातूनच जायचं होतं. रो-रोला (गाड्या नेणाऱ्या बोटीला) दोन माणसं आणि स्कूटर मिळून हजाराच्या आसपास लागले. तास-सव्वा तास लागतो.

धक्क्यावर सकाळी आठला मासळीच्या टोपल्यांतून वाट काढताना बाबांच्या तोंडून ऐकलेलं आठवलं. त्यांच्या लहानपणी घरातली मोठी माणसं बोटीला निघालेल्याला 'रामदास'चं नाव काढू द्यायची नाहीत. १७ जुलै १९४७ला याच धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत तो दिवस अजून सांगतात. वरच्या मजल्यावर लोक कुरवांना शेवकांड्या टाकत होते. मी मागे सुटत चाललेल्या धक्क्याकडे बघत राहिलो.

मांडव्याला स्कूटर सुरू होईना. पंधरा किका मारल्या. प्लग काढला तर ओला. पुसून लावला, सुरू झाली. खारी हवा आत गेली असेल असं धरून चाललो.

चूक: शनिवार निवडला. अलिबागपर्यंत सगळी मुंबई रस्त्यावर होती, वीस किलोमीटरला दीड तास लागला. आठवड्याच्या मधला दिवस घ्या.

रात्र चौलला मित्राकडे. वाडीत पोपटी लावली. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला दाबून मडकं पालथं घालायचं आणि भोवती गवत-काटक्यांचा जाळ. पाणी थेंबभरही नाही. मडकं उघडलं तेव्हा थंडीत आलेला तो भांबुर्डीचा उग्र वास अजून स्वेटरला आहे.

१२ जानेवारी, रविवार. चौल – मुरूड – आगरदांडा – दिघी – दिवेआगर

रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लई. काशीदच्या आधीच्या चढावर गाडी धुराचा लोट सोडून बंद पडली. प्लग काढला तर काजळीने भरलेला, टोकांमध्ये काळा धागा लोंबत होता. नवा लावला, चार किलोमीटरवर तोही गेला.

कारण सापडायला पाऊण तास लागला. सकाळी चौलला चार लिटर पेट्रोल भरलं, तेव्हा मी ऐंशी मिलिलिटर ऑइल घातलं. मी चहाला गेलो असताना बायकोनेही घातलं, वहीत 'ऑइल' असं लिहिलेलं दिसलं नाही म्हणून. म्हणजे दुप्पट झालं. चूक माझी, घातल्या घातल्या लिहायला हवं होतं. हिशेब तिनेच केला. लिटरभर जळलं, टाकीत तीन लिटर आणि १२० मिलिलिटर ऑइल उरलं. नुसतं पेट्रोल तीन लिटर घातलं की सहा लिटरला १२०, म्हणजे बरोबर. मुरूडच्या पंपापर्यंत दर चार-पाच किलोमीटरला उतरून प्लग पॉलिश पेपरने घासत गेलो. पंपावर टाकी काठोकाठ भरली आणि धूर थांबला.

दुपारी उन्हाचा त्रास झाला. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि दक्षिणेला जाताना दुपारनंतर तो सरळ डोळ्यांत येतो. सकाळी लवकर निघणं हाच उपाय.

आगरदांड्याहून जंगल जेटीने, म्हणजे खाडीपार गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, दिघी. उतरल्यावर पुन्हा तेच, वीस किका. ओला प्लग.

रात्री फोन. बाबा ऑइलचं ऐकून म्हणाले, "जास्त झालं तर इंजिन मरत नाही. कमी झालं तर मरतं." मग म्हणाले, "आणि सुरू का होत नाही?" मी म्हटलं, खारी हवा. ते काही बोलले नाहीत.

१३ जानेवारी, सोमवार. दिवेआगर – श्रीवर्धन – बागमांडला – वेसवी – केळशी

दिवेआगरहून शेखाडी, कोंडिवली, आरावी हा रस्ता समुद्राच्या अगदी कडेने जातो. मी आजवर पाहिलेल्या रस्त्यांत हा पहिला. स्कूटर तिसऱ्यात, ताशी पस्तीस, उजवीकडे पाणी, डावीकडे डोंगरावर आंब्याचा मोहर. मोहराचा तो गोडूस, जरा तुरट वास मोटारीत काच लावून बसलेल्याला मिळत नाही. श्रीवर्धनच्या वाड्यांत मात्र मोकळं आभाळ फार दिसतं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने इथल्या नारळी-पोफळी झोपवल्या. एका वाडीत काका सुपारी वाळत घालत होते. "पोफळीला सात-आठ वर्षं लागतात," ते म्हणाले. "लावल्यात. बघू." नव्या रोपांना त्यांनी झावळ्यांची सावली केली होती, एकेका रोपाला वेगळी. आम्ही तिथे तासभर बसलो, आणि तो तास संध्याकाळी भरावा लागला. तरी पुन्हा गेलो तर पुन्हा बसेन.

बागमांडल्याला पोचेपर्यंत साडेपाच. पौष पौर्णिमा होती. भरतीचा साधा हिशेब कोळ्यांकडे असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मी तो लहानपणापासून ऐकलेला, पण मांडला नाही. आम्ही नेमके उधाणाच्या ओहोटीला जेटीच्या उतारावर उभे होतो.

ओहोटीला बोट उताराच्या पार खालच्या टोकाला लागते. एरवी पाण्याखाली असलेला काँक्रीटचा भाग उघडा पडतो आणि त्यावर हिरवं, बुळबुळीत शेवाळ असतं. बायको सामान घेऊन चालत उतरली. मी स्कूटरवर बसून, दुसरा गिअर, दोन्ही ब्रेक. पुढचा ब्रेक लागला आणि पुढचं चाक सरळ खाली निघून गेलं. स्कूटर डाव्या कुशीवर पडून चार-पाच फूट घसरली, सायलेन्सरपर्यंत पाणी आलं. दोन खलाशी धावले, मागून मासळीची पाटी खाली ठेवून एक मावशी आली. तिने मागचं चाक धरलं आणि मला म्हणाली, "बसून उतरू नको रे. बंद कर, गिअरात टाक आणि क्लच धरून हातानं सोड."

हेच बरोबर आहे. इंजिन बंद, पहिला गिअर, बाजूला उभं राहून क्लच थोडा सोडत, थोडा धरत गाडी खाली न्यायची. चाक गिअर अडवतो, ब्रेक लागत नाही. पुढच्या प्रत्येक जेटीवर तसंच केलं.

नुकसान: डावं कव्हर खरवडलं, आणि क्लचचा दांडा मुळापासून दोन बोटांवर मोडला. माझं कोपर सोललं. वेसवीला उतरून उरलेल्या खुंटाला व्हाइसग्रिप घट्ट अडकवली आणि तिलाच दांडा मानून अंधारात केळशी गाठली. हात दुखून आला, पण चाललं. त्याआधी अर्थातच पंचवीस किका.

केळशीला ज्यांच्याकडे उतरलो त्या वहिनींनी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी वाढली. कोपरावर हळद लावून दिली. खोलीचं भाडं घेतलं, जेवणाचं घेतलं नाही. "सण आहे," म्हणाल्या.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत. केळशी – आंजर्ले – हर्णै

सकाळच्या एसटीने दापोली. क्लचचा दांडा तिसऱ्या दुकानात मिळाला, १८० रुपये. परत यायला दुपार. जयगड आता होणार नाही हे इथेच कळून चुकलं. बायकोची रजा शुक्रवारपर्यंतच होती.

चार वाजता हर्णैला मासळीचा लिलाव. वाळूवरच ढीग: सुरमई, पापलेट, बांगडे, म्हाकूळ. बोटी पाण्यात उभ्या, माल छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येत होता. समोर सुवर्णदुर्ग. इथेही बाबांची बोट थांबायची, अशीच लांब, आणि माणसं पडावातूनच उतरायची. मी हे शंभरदा ऐकलं आहे. पण छातीभर पाण्यात उभा राहून होडी धरून ठेवणारा माणूस समोर पाहिला, तेव्हा चौदा वर्षांचं पोर ट्रंक घेऊन त्या हलत्या होडीत पाय कसा टाकत असेल ते कळलं.

तिथूनच फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्या धोपाव्याला किती वाजता?" द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड. भरती दीडला. म्हटलं, एकच्या बोटीने.

१५ जानेवारी, बुधवार. हर्णै – दाभोळ – धोपावे

दाभोळ जुनं बंदर. विजापूरकरांच्या काळात इथून परदेशी व्यापार चाले, १५०८ साली पोर्तुगीजांनी ते जाळलं. खाली जेटीवर यायचा रस्ता अरुंद, पण भरती असल्याने उतार फक्त दहा पावलांचा. स्कूटर हाताने सोडली, काही झालं नाही.

धोपाव्याच्या धक्क्यावर बाबा उभे होते. शेजारी आत्या. पहाटेच्या गाडीने चिपळूण आणि तिथून एसटी. गुडघ्यांना पट्टे बांधलेले. मला बोलायला शब्द सुचेनात. मी वाकलो तर म्हणाले, "आधी गाडी बाजूला घे, मागे टेम्पो आहे."

गाडी सुरू होत नव्हती. बाबांनी दहा किका बघितल्या. मग म्हणाले, "ही जेटी २००३ साली सुरू झाली, मी अजून बसलो नाही हिच्यात. परत पलीकडे जाऊन येऊ." आत्या म्हणाली, "मी पण येणार. मी नाही यंदा धक्क्यावर थांबायची."

मी स्कूटर ढकलत पुन्हा बोटीत घेतली. बोटीने भोंगा दिला तसा बाबांचा हात सीटखाली गेला. खाली न बघता, समोर खाडीकडे बघत, त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला. चाळीस-पन्नास वेळा नाही, हजारो वेळा केलेली ती हालचाल होती. मला त्या क्षणी सगळं कळलं. रात्री मी कॉक बंद करत होतो, बोटीत कधीच केला नाही, लगेच तर उतरायचंय म्हणून. बोट हलते, फ्लोट हलतो, झिजलेली निडल बसत नाही आणि पेट्रोल झिरपून इंजिनात जातं. खाऱ्या हवेचा काही संबंध नव्हता.

मधल्या पाण्यात बाबा कठड्याला धरून उभे राहिले. "इथे कुठेतरी," एवढंच म्हणाले. आत्याने त्यांच्या शर्टाची बाही धरली होती, आणि दाभोळ येईपर्यंत ती सोडली नाही.

पलीकडे उतरल्यावर बाबांनी सांगितल्याप्रमाणे केलं: कॉक बंदच, एक्सलरेटर पूर्ण ओढून सहा किका, म्हणजे आतलं जादा पेट्रोल निघून जातं. मग कॉक उघडून एक किक. सुरू झाली. परत येताना कॉक बंद, आणि धोपाव्याला पहिल्या किकेला सुरू. धक्क्यापासून वरच्या वळणापर्यंत बाबा माझ्या मागे बसले.

१६ जानेवारी, गुरुवार. गुहागर

फ्लोटची निडल बदलली. चिपळूणहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडून मागवली, ९० रुपये. जुन्या निडलीच्या टोकाला नखाने जाणवेल अशी खाच होती. नोव्हेंबरमध्ये हीच बदलली असती तर साठ-सत्तर किका वाचल्या असत्या.

निघाल्यापासूनचा खर्च, वहीप्रमाणे: पेट्रोल-ऑइल १,३४०, प्लग, दांडा आणि निडल ५१०, राहणं-खाणं ५,८५०, रो-रो वेगळा. तयारीचा खर्च यात धरलेला नाही. गेलेला वेळ दीड दिवस.

वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ ते जयगड राहिलं. स्कूटर आत्याच्या पडवीत दोन ठोकळ्यांवर चढवली. टाकी रिकामी केली, कार्बमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवलं, प्लग काढून भोकात चमचाभर ऑइल घातलं आणि किक दोनदा हळू दाबली. कॉक बाबांनी बंद केला. चावी आत्याच्या देवघरात आहे. पुढच्या पौषात अष्टमीच्या आसपास निघायचं, तेव्हा उधाण नसतं.